कार्पेट पायथन घेताय? निवडतानाच होणाऱ्या या चुका टाळा

ब्रिस्बेन, सिडनी, मेलबर्नकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी पहिल्यांदाच साप पाळायला निघालेलं कुणी ना कुणी विचारतंच, की कार्पेट पायथन, म्हणजे तिकडच्या बिनविषारी अजगराच्या प्रकारांपैकी जंगल घेऊ का कोस्टल? सोबत काळ्या-पिवळ्या झगझगीत अजगराचा एक फोटो असतो. मग काही महिन्यांनी तक्रार येते, रंग मळकट आहे, हात घातला की चावतो, मला फसवलं का हो? बहुतेक वेळा कुणी फसवलेलं नसतं, फोटो बघून पिल्लू उचललेलं असतं.

जंगल कार्पेट हा क्वीन्सलँडच्या उत्तरेकडच्या पावसाळी जंगलांतला, अॅथर्टन टेबललँड्सच्या आसपासचा. त्याचं पिल्लू अंड्यातून निघतं तेच मुळी राखाडी-तपकिरी, पिवळा चढायला दोन-तीन वर्षं जातात आणि सगळ्यांचा सारखा चढत नाही. म्हणून पिल्लाचा फोटो मागत बसू नका, आईबापाचे मागा, आणि तेही पूर्ण वाढलेले असतानाचे. चावण्याचं म्हणाल तर जंगलची पिल्लं चिडकी म्हणून बदनाम आहेत आणि त्यात तथ्य आहे, पण कोस्टलची पिल्लं काही गोगलगाय नसतात! लहानपणी सगळेच घाबरून झडप घालतात, ओरखडा येतो, बाकी काही नाही, विष नसतंच. वर्षभर शांतपणे हाताळलं की बरेचसे निवळतात. जातीपेक्षा त्या एका सापाचा स्वभाव बघा, विकणाऱ्याला तुमच्यासमोर हातात घ्यायला सांगा, आणि नुकतं अंड्यातून निघालेलं घेण्यापेक्षा वर्षाचं, नीट खाणारं घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

आकाराचा हिशोब पिंजरा घेताना आठवतो आणि तिथेच घोळ होतो. जंगल साधारण दीड ते दोन मीटर. कोस्टल आरामात सव्वादोन-अडीच, आणि तीन मीटरच्या पुढे गेलेले पण असतात. अॅलिस स्प्रिंग्जकडचा ब्रेडलाय, जो खरं तर वेगळीच प्रजाती आहे पण बाजारात कार्पेटच्याच रांगेत विकला जातो, तोही दोन मीटरच्या वर जातो, मात्र स्वभावाने बहुतेक वेळा गरीब, म्हणून नवख्या माणसाला मी आधी तोच सुचवतो. पूर्ण वाढलेल्या सापाला किमान चार फूट लांब आणि दोन फूट उंच जागा लागते, मोठ्या कोस्टलला त्याहून जास्त, आणि आत चढायला जाड फांदी हवीच, कारण हे अर्धं आयुष्य फांदीवर काढणारे साप आहेत.

डायमंडला शिजवू नका

हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथे सापाचा जीवच जातो. डायमंड पायथन हा कार्पेटचाच एक प्रकार, न्यू साउथ वेल्सच्या किनारपट्टीचा, खाली व्हिक्टोरियाच्या पूर्व टोकापर्यंत सापडतो, जगात सगळ्यात दक्षिणेला राहणारा अजगर म्हणून ओळखला जातो. म्हणजे थंडीचा माणूस. आणि लोक काय करतात, कार्पेटसाठी लिहिलेलं तापमान वाचतात, शेकायच्या जागेला ३२-३३ डिग्री, आणि हीटर दिवसरात्र चालू ठेवतात. साप भराभर वाढतो, भरपूर खातो, मालक खूश, आणि काही वर्षांत तो अशक्त व्हायला लागतो, हाडं ठिसूळ होतात आणि ऐन वयात मरतो. पाळणाऱ्यांमध्ये याला डायमंड सिंड्रोमच म्हणतात आणि त्याचा संबंध जास्त उष्णता, जास्त खाणं आणि यूव्ही (अतिनील) प्रकाश न मिळण्याशी लावतात. डायमंडला दिवसातले काही तास शेकायला ३० च्या आसपासची एक जागा द्या, रात्री हीटर बंद, हिवाळ्यात आणखी थंड, आणि यूव्हीचा दिवा लावा.

याचं उलटं पण होतं. उत्तरेच्या उष्ण डार्विनकडचा कार्पेट मेलबर्नच्या जूनमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, खोलीच्या तापमानावर ठेवला तर खाल्लेलं पचत नाही, ओकतो, मग छातीचा त्रास सुरू होतो. त्याला आणि जंगलला गरम टोक ३१-३३ आणि गार टोक २४-२६ लागतं, थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आपोआप राखणारं यंत्र) हे जमत नाही, आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर गरम जागेवरच असायला हवा, कोपऱ्यात लोंबकळत ठेवून उपयोग नाही. थोडक्यात तुम्ही राहता त्या भागातला साप घेतलात तर अर्धी डोकेदुखी आणि विजेचं बिल दोन्ही वाचतं.

जॅग्वार नावाचा सुंदर प्रॉब्लेम

जॅग, म्हणजे जॅग्वार, हा कोस्टलमधला एक म्युटेशन (रंग-नक्षी बदलणारा जन्मजात बदल), नॉर्वेत एका पाळणाऱ्याकडे पहिल्यांदा निघाला. दिसायला भन्नाट. पण त्याच जीनबरोबर मज्जासंस्थेचा दोष येतो, डोकं थरथरतं, मान पिळवटते, कधीकधी भक्ष्यावर नेमच लागत नाही, आणि दोन्ही बाजूंनी तो जीन आला तर पांढरी पिल्लं निघतात ती जगत नाहीत. काही जॅगमध्ये त्रास जाणवत नाही इतका कमी असतो हे खरं, पण कधी वाढेल सांगता येत नाही आणि यावर उपाय नाही. माझं मत विचाराल तर घेऊच नका. आणि घरातल्या सापाचं डोकं डुलायला लागलं की "जॅगच आहे, असंच असतं" म्हणून सोडून देऊ नका, सनशाइन व्हायरससारख्या सापांच्या विषाणूजन्य आजारातही अशीच लक्षणं दिसतात, सापांचा डॉक्टर गाठा आणि बाकीचे साप वेगळे ठेवा.

लेबलवर नुसतं 'कार्पेट' लिहिलेलं असेल तर तो जंगल-कोस्टल मिश्र असू शकतो. पाळायला वाईट नाही, पण शुद्ध जंगलचे पैसे देऊ नका.

आणला आणि खातच नाही?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. आधी तापमान मोजा. मग बघा की एवढंसं पिल्लू चार फुटी पिंजऱ्यात सोडलंय का, तसं असेल तर छोट्या डब्यात हलवा, लपायला जागा द्या, आठवडाभर हात लावू नका. खायला द्यायचा गोठवलेला उंदीर फ्रीजमध्ये वितळवा, मग गरम पाण्यात कोमट करा, मायक्रोवेव्ह नको, आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर देऊन रात्रभर तसाच सोडा. मोठा नर थंडीच्या दिवसांत जोडीच्या हंगामात महिनोन्महिने खात नाही, वजन टिकून असेल तर घाबरू नका. ओकला असेल तर मात्र दोन आठवडे काही देऊ नका आणि नंतर लहान उंदराने सुरुवात करा. तोंड उघडून श्वास, घरघर, नाकातोंडाशी बुडबुडे दिसले तर घरगुती प्रयोग नकोत, थेट डॉक्टर.

कागदपत्रांचं

ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याचे लायसन्सचे नियम वेगळे, आधी ते बघा मग साप. ब्रिस्बेनमध्ये छपरात कार्पेट निघणं नवं नाही, पण तो रानटी आणि संरक्षित आहे, फुकट मिळाला म्हणून पाळता येत नाही, लायसन्सवाला स्नेक कॅचर बोलवा. अमेरिकन व्हिडिओ बघून इरियन जाया कार्पेट मागणाऱ्यांनी लक्षात घ्या, तो न्यू गिनीचा, इथे परदेशी साप ठेवणं गुन्हा आहे. अमेरिका-युरोपातल्या आपल्या लोकांना मात्र तो मिळतो आणि आकाराने लहान म्हणून चांगला पर्याय आहे. भारतात असाल तर आपला देशी अजगर पाळणं हा वन्यजीव कायद्याखाली गंभीर गुन्हा, आणि परदेशी अजगरांनाही २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी लागते.

आणि टेम्पररी व्हिसावर असाल तर हे साप वीस वर्षं सहज जगतात, परत येताना पुण्याला सोबत आणता येणार नाही. त्यामुळे घेण्याआधीच लायसन्स असलेला एखादा ओळखीचा शोधून ठेवा जो तो पुढे सांभाळेल, आणि भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या.