फेसबुक भलत्याच भाषेत गेलं तर असं परत आणा

दांडिया बाजारातल्या मावशीकडे नातू फोन घेऊन खेळला आणि तिचं फेसबुक मल्याळममध्ये गेलं, आता बडोद्यात मराठी, गुजराती, हिंदी सगळं वाचता येतं पण हे एक अक्षर लागेना, बिचारी दोन दिवस फोन घेऊन बसली होती.

आधी बाकीचा फोन बघा, सगळाच बदलला असेल तर फोनच्या सेटिंगमधली भाषा बदला. फक्त फेसबुकच बदललं असेल तर:

१. तीन आडव्या रेघांवर दाबा, अँड्रॉइडवर त्या वर असतात.
२. खाली सरकत जा, दातेरी चाकाचं चित्र दिसेल तिथून सेटिंगमध्ये शिरा.
३. तिथे भाषेचा पर्याय शोधा. आता वाचायचं कसं? तर दुसऱ्या फोनवर गूगल लेन्स उघडा, ट्रान्सलेट निवडा आणि कॅमेरा या स्क्रीनवर धरा, त्यावर सगळं मराठीत दिसतं. हे सुचलं आणि आमचं काम पाच मिनिटांत झालं.
४. भाषांच्या यादीत घाबरू नका, प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत असतं, 'मराठी' हे मराठीतच लिहिलेलं सापडतं.

तिथेच पोस्टच्या भाषांतराची सेटिंग वेगळी असते. मराठी पोस्ट आपोआप हिंदीत दिसत असतील तर भाषांतर नको असलेल्या भाषांत मराठी टाका, मावशीचं तेही करून दिलं.

फक्त वैतागून लॉगआउट करू नका किंवा अ‍ॅप काढू नका, पासवर्ड आठवत नसेल तर परत आत जायचीच पंचाईत.