शेतीसंरक्षण बंदुकीचा परवाना नाकारला, तर अपील कसं करायचं

भात पोटरीत आलं की रानडुकरं आणि काजूला बोंडू धरले की माकडं, हा त्रास कोकणात दर वर्षाचा. त्यात शेतीसंरक्षण परवान्याचा अर्ज 'सध्या परवाने देत नाही' एवढ्या तोंडी उत्तरावर परत आला, की बहुतेक जण नाद सोडतात. सोडू नका. अपील लेखी आदेशावर होतं, तोंडी उत्तरावर नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे नकार कागदावर आणणं.

जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक शाखेत एक पानी अर्ज द्या: 'माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर लेखी निर्णय द्यावा. नकार असल्यास शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १४(३) नुसार कारणांचे संक्षिप्त विवरण मिळावे.' दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तुमच्या अर्जावर पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात; तो कुठे अडलाय हे कळत नसेल, तर माहिती अधिकारात १० रुपये भरून त्याची प्रत मागा. अहवाल ठरलेल्या मुदतीत आलाच नाही, तरी कलम १३(२अ) प्रमाणे त्याची वाट न पाहता निर्णय घेता येतो. अर्जात हे कलम लिहाच.

आता मुद्द्याचं. शेतीच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक मागितली, तर परवाना द्यावा, असं कलम १३(३) सांगतं. ठासणीची पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळी असलेली दुसरी बंदूकही देता येते. नकाराची कारणं कलम १४ मध्ये आहेत; सार्वजनिक शांतता व सुरक्षितता हे त्यातलं एक. ते नुसतं लिहून भागत नाही. तुमच्या बाबतीत ते का लागू होतं, हे आदेशात दिसायला हवं, आणि दिसत नसेल तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच. 'जमीन थोडी आहे' हे कारण दिलं असेल तर कलम १४(२) दाखवा: पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारता येत नाही. आपल्याकडे सातबारावर दहा गुंठ्यांना बारा नावं असतात, तेव्हा हे कलम फार कामाचं.

अपिलाची मुदत ३० दिवस, आणि ती आदेशाच्या तारखेपासून मोजतात. टपाल उशिरा आलं असेल तर शिक्क्यासकट पाकीट जपून ठेवा. सबळ कारण दाखवलं तर कलम १८(२) खाली उशीर माफ होऊ शकतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर अपील कोकण विभागीय आयुक्तांकडे, बेलापूरला जातं. सोबत आदेशाची प्रत, कारणांचं विवरण, अपिलाच्या शुल्काची पावती, सातबारा, सहहिस्सेदारांची संमती आणि नुकसानीचे पंचनामे जोडा. खरं वजन पंचनाम्यांचं. वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज कधीच केला नसेल, तर 'नुकसान होतं' हे नुसतं बोलणं ठरतं. म्हणून भरपाई कमी मिळाली तरी दर वेळी अर्ज करा. तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय अपील निकाली काढता येत नाही, तेव्हा सुनावणीची तारीख चुकवू नका.

नूतनीकरण नाकारलं असेल तर सांभाळा. अपील दाखल केलं म्हणून आदेश आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. तोवर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. घरात ठेवलीत तर गुन्हा दाखल होतो आणि चांगलं अपीलही वाया जातं. वडील वारले तर त्यांच्या बंदुकीचंही तेच: परवाना वारसाला आपोआप मिळत नाही, आधी जमा, मग स्वतःचा अर्ज.

अपीलही फेटाळलं तर उच्च न्यायालयात रिट याचिका. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, रायगडकरांना मुंबईच.

परवाना मिळाला म्हणजे जनावर मारायची मुभा मिळाली असं नाही. रानडुकराला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे, मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

राहिली निवडणूक. तेव्हा परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. २०२४ मध्ये रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघांचं लोकसभेचं मतदान ७ मेला झालं, म्हणजे ऐन आंब्यात, आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला. अशा वेळी सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेणं बरोबर नाही. जिल्ह्याच्या छाननी समितीने परवानाधारकागणिक विचार करायचा असतो. आचारसंहिता लागताच समितीकडे सूट मागणारा अर्ज द्या, पीक कोणतं आणि काढणी कधी ते लिहा. सूट नाहीच मिळाली तर जमा करताना पावतीवर बंदुकीचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि दस्त्याला आधीच असलेली चीर किंवा नळीवरचा गंज लिहून घ्या. पावसाळी हवेत ठाण्यात पडून राहिलेली बंदूक गंजून परत आली, तर दाखवायला ती पावतीच असते.