पडलाय म्हणजे झोपलाय? कुत्र्या-मांजरांच्या झोपेबाबत या चुका टाळा

आमचा मोती दुपारी फरशीवर आडवा झाला की थोड्या वेळाने त्याचे पाय पळायला लागतात, ओठ थरथरतात, घशातल्या घशात भुंकणं सुरू होतं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं फिट आली. गदागदा हलवून उठवला, तर दचकून माझ्या मनगटावर दात रोवून मोकळा झाला. त्याची काही चूक नव्हती.

ती स्वप्नांची झोप होती. या झोपेत मेंदू जवळजवळ जागेपणाइतकाच कामात असतो. म्हणून मेंदूच्या बुंध्यातून निघणारे संदेश ग्लायसीन आणि गाबा या रसायनांच्या मदतीने स्नायूंना लगाम घालतात, आणि त्यातून निसटलेले हिसके तेवढे आपल्याला दिसतात. फ्रान्समध्ये ल्योंला मिशेल जुवे यांनी मांजरांच्या मेंदूतला हा लगाम तोडून पाहिला, तेव्हा झोपेतली मांजरं उठून न दिसणाऱ्या भक्ष्यावर झडप घालू लागली. तर अशा कुत्र्याला हात लावू नका. फारच वाटलं तर लांबून नावाने हाक मारा. फिटमध्ये अंग ताठरतं, लाळ गळते, बऱ्याचदा लघवी होते आणि हाकेने काही फरक पडत नाही.

याच्या उलटी चूक जास्त महागात पडते. जेवणाचं भांडं पुढे ठेवलं आणि कुत्र्याचे मागचे पाय मुडपले, मान लटकली, भांड्यापाशीच तो लोळला. घरचे म्हणतात, ‘नाटकं करतोय.’ काही वेळा हा नार्कोलेप्सी नावाचा आजार असतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात असे डॉबरमन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले गेले. त्यांची परीक्षाही साधीच होती: जमिनीवर खाऊचे तुकडे ओळीने मांडायचे. धडधाकट कुत्रा काही सेकंदांत ओळ साफ करतो. हे डॉबरमन मात्र दोन घासांनंतर आनंदानेच कोसळत, उठत, पुन्हा कोसळत.

कारण १९९९ मध्ये सापडलं. ओरेक्सिन हे रसायन जागेपणाच्या दाराला अडसरासारखं असतं. ते असलं की मेंदू मध्येच झोपेत घसरत नाही. या डॉबरमनांमध्ये ओरेक्सिन होतं, पण मेंदूच्या पेशींवरचा ते ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) जनुकातल्या बिघाडामुळे निकामी होता. (माणसात बहुधा ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशीच नाहीशा होतात.) अडसर नसल्याने स्वप्नांच्या झोपेतला तो लगाम भर जागेपणी पडतो. कुत्रा शुद्धीवर असतो, डोळ्यांनी तुमच्याकडे बघत असतो, अंग मात्र चिंध्यांच्या बाहुलीसारखं सैल. सहसा मिनिटा-दोन मिनिटांत उठून उरलेलं जेवतोही. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या तर मात्र हृदयाची शंका घ्या आणि थांबू नका. दोन्ही वेळा मोबाइलवर व्हिडिओ काढा, कारण दवाखान्याच्या टेबलावर कुत्रा हटकून ठणठणीत असतो.

दिवाळीत तिसरी चूक होते. फटाक्यांनी कुत्रा थरथरतो म्हणून कुणीतरी सांगितलेली गुंगीची गोळी दिली जाते. ॲसेप्रोमेझीनसारख्या औषधाने अंग जड होतं, कुत्रा पडून राहतो आणि घरच्यांना हायसं वाटतं. पण भीती आत तशीच असते, फक्त पळता येत नाही. भीती कमी करणारी वेगळी औषधं आहेत. ती डॉक्टरांना विचारून आधीच आणून ठेवा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी धावाधाव नको.

आपली सर्दीची गोळी तर मुळीच नको. जुन्या ॲलर्जीच्या औषधांनी झोप येते, कारण हिस्टामीन मेंदूला जागं ठेवणाऱ्या रसायनांपैकी एक आहे आणि ही औषधं मेंदूत शिरून त्यालाच अडवतात. हे खरं असलं तरी सर्दीच्या गोळीत अनेकदा पॅरासिटामॉलही असतं, आणि मांजराच्या यकृताला ते निस्तरता येत नाही. एक गोळीही जिवावर बेतते.

मेलॅटोनिनला ‘झोपेचं हार्मोन’ म्हणायची सवयही सोडा. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराच्या रक्तात ते रात्रीच वाढतं, आणि रात्रीच तो हुंदडत असतो. मेलॅटोनिन एवढंच सांगतं की अंधार पडलाय. मग झोपायचं की शिकारीला निघायचं, हे ज्याच्या त्याच्या जातीवर. शिवाय माणसांसाठीच्या मेलॅटोनिनच्या काही गोळ्यांत झायलिटॉल हा गोडवा असतो, तो कुत्र्याला विषारी आहे.

चहाची बशीही पुढे सरकवू नका. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. शीण जात नाही, नुसता झाकला जातो. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन त्याचंच भावंड, आणि ते कुत्र्याच्या रक्तात निम्मं व्हायलाच सुमारे १७ तास लागतात.

राहता राहिलं पहाटे साडेचारला छातीवर येऊन बसणारं मांजर. त्याला निद्रानाश नाही; तिन्हीसांजा आणि पहाट या त्याच्या शिकारीच्या वेळा. रात्री उशिरा दमेपर्यंत खेळवा, मग जेवायला घाला. आणि पहाटे कितीही ओरडलं तरी उठून वाटी भरू नका. अन्नाच्या वेळेचं घड्याळ शरीरात वेगळं लागतं, आणि ते फार लवकर लागतं. साडेचारला दोन-चार दिवस वाटी भरलीत की स्वारी चार वाजून वीस मिनिटांनीच हजर.