‘आपसात मिटवा’ म्हणण्याआधी या चुका टाळा

ठाण्यात आणि नवी मुंबईत रोज कुठे ना कुठे एखादं प्रकरण मिटवलं जातं. कधी सोसायटीच्या ऑफिसात, कधी मंडळाच्या शेडमध्ये, कधी गावठाणातल्या देवळासमोर. गाडीची काच फोडली, पार्किंगवरून हात उचलला, सायकल पळवली. पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेणारा हवालदारही शेवटी तेच सांगतो, ‘आपसात बघा ना.’ सल्ला चुकीचा नाही. कोर्टाच्या तारखांना कंटाळलेल्या माणसाला तो पटतोही. फक्त बहुतेक बैठकांत प्रकरण मिटतं आणि ज्याचं नुकसान झालं तो होता तिथेच राहतो.

पुनर्स्थापक न्यायाचा रोख नेमका या माणसावर असतो. कुठला कायदा मोडला हे नंतर. आधी कुणाचं काय गेलं आणि ते कुणी, कसं भरून द्यायचं. १९७४ मध्ये कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी २२ ठिकाणी नासधूस केली. कोर्टाने त्यांना ज्यांचं नुकसान झालं त्या लोकांच्या दारात पाठवलं: समोर उभं राहा, किती नुकसान झालं ते विचारा आणि भरून द्या. आपल्याकडच्या बैठकीत याच्या बरोबर उलटं होतं.

माफीने सुरुवात करू नका

घणसोलीत पाहिलेली बैठक सांगतो. कॉलेजात नुकत्याच गेलेल्या तीन पोरांनी रात्री गेटबाहेर उभ्या रिक्षाची पुढची काच फोडली आणि टप ब्लेडने कापला. रविवारी सकाळी अकराला सोसायटीच्या ऑफिसात सगळे जमले. चेअरमन, सेक्रेटरी, तिघांचे वडील खुर्च्यांवर. पोरं भिंतीला टेकून. रिक्षावाले काका दाराशी, हातात चावी. त्यांना कुणी बसा म्हणालं नाही. पहिल्या दोन मिनिटांत सेक्रेटरींनी फर्मावलं, ‘चला रे, काकांच्या पाया पडा.’ पोरं वाकली. लगेच एका वडिलांनी पाकीट काढलं, ‘बोला, किती झाले?’

काका म्हणाले, ‘पैशाचं नंतर बघू. माझीच रिक्षा का?’

उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण पोरांना तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं. मग सेक्रेटरींनाच थांबवून काकांना बोलू दिलं. रिक्षा मालकाची, धंदा होवो न होवो, रोजचं भाडं द्यावंच लागतं. पासिंग जवळ आलेलं, कापलेल्या टपाने ते होणार नाही. आणि रात्री गाडी तिथे लावायची आता भीती वाटते. एका पोराने खाली बघत सांगितलं, की रिक्षा कुणाची हे माहीतच नव्हतं, पैज लागली होती. काकांच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा पहिल्यांदा सैल झाला. आपल्यावर कुणाचा डूख नाही, हे त्यांना पैशांपेक्षा जास्त हवं होतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी दोन्ही बाजूंशी वेगवेगळं बोला. नुकसान झालेल्या माणसाला समोरासमोर बसायचंच नसेल, तर बैठक घेऊ नका; निरोप, पत्र, मध्यस्थ चालतात. बसायचं ठरलं तर वेळ त्याच्या सोयीची. रिक्षावाल्याचा, घरकाम करणाऱ्या ताईंचा, डिलिव्हरीवाल्याचा बुडालेला धंदा बैठकीच्या खर्चात धरा. त्याच्याबरोबर त्याचं कुणीतरी असू द्या. पोरांनी आधी काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगावं आणि माफी मागावीशी वाटली तर शेवटी मागावी. ‘माफ केलं’ असं मात्र कुणाकडूनही वदवून घेऊ नका.

दंड मंडळाच्या पावतीपुस्तकात नको

ही चूक इतकी सर्रास आहे, की ती चूक वाटतच नाही. मार खाल्ला एकाने आणि ‘दंड’ जमा झाला उत्सवाच्या वर्गणीत. पैसा जखमीच्या औषधाला, फुटलेल्या काचेला, बुडालेल्या रोजाला गेला पाहिजे. भावकीने किंवा जातपंचायतीने दंड लावून घरच वाळीत टाकलं, तर प्रकरण आणखी वेगळं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

पोरांचे फोटो ग्रुपवर टाकू नका

सीसीटीव्हीचा तुकडा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला की अर्ध्या तासात तो शेजारच्या सेक्टरमध्ये पोचतो. मुलगा अठराच्या आतला असेल आणि चौकशी चालू असेल, तर त्याची ओळख पटेल असं काहीही पसरवणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फुटेज पोलिसांना द्या, ग्रुपला नको.

‘एफआयआर झाली की पोराचं आयुष्य बरबाद’ म्हणून घाईघाईने मांडवली करणारे पालकही थोडं थांबा. अठराखालच्या मुलाने फार गंभीर गुन्हा केला नसेल आणि सोबत सज्ञान माणूस नसेल, तर नियमांप्रमाणे पोलीस एफआयआर न नोंदवता डायरीत नोंद करतात आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे देतात. मंडळ समुपदेशन किंवा समाजसेवा सांगू शकतं. मोठ्यांसाठीही भारतीय न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून, अशी वाट आहे: पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची.

जिथे बसूच नये, तिथे बसू नका

बलात्कार, मुलांवरचे लैंगिक अत्याचार, ॲट्रॉसिटी ही प्रकरणं सोसायटीच्या टेबलावर मिटत नाहीत. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांनी ‘शाळेची बदनामी नको’ म्हणून पालकांना समजावणं हाच गुन्हा होऊ शकतो. घरातल्या मारहाणीतही तेच भान ठेवा. मार खाल्लेली बाई ज्या घरात परत जाणार, त्याच घरातल्या माणसासमोर ती मोकळं बोलेल ही अपेक्षाच चुकीची.

मोठमोठेही इथे घसरलेत. विनयभंगाच्या एका प्रकरणात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२० मध्ये आरोपीला जामिनासाठी अट घातली, की तक्रारदार महिलेकडे जाऊन राखी बांधून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२१ रोजी ती अट रद्द केली आणि अशा प्रकरणांत तडजोड सुचवू नका, असं न्यायालयांना बजावलं.

पाचशेचा स्टॅम्प पेपर

‘पैसे मिळाले, आता तक्रार करणार नाही’ असं स्टॅम्पवर लिहून घेतलं की काम फत्ते, हा समज सोडा. गंभीर गुन्हा दडवण्यासाठी केलेला करार टिकत नाही आणि त्यासाठी पैसे घेणं हाही गुन्हा. जे गुन्हे कायद्याने मिटवता येतात, त्यांची यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३५९ मध्ये आहे. काही तक्रारदार स्वतः मिटवू शकतो, काहींना कोर्टाची परवानगी लागते. यादीतलं प्रकरण रीतसर मिटलं की आरोपी निर्दोष सुटतो. त्यामुळे सही करण्याआधी वकिलाला विचारा.

वस्तीची जखम एका शांतता सभेने भरत नाही

दोन गटांत दगडफेक झाली, की पुढाऱ्यांना एका मंचावर बसवून हार घालायची आपल्याकडे पद्धत आहे. भिवंडीने ती १९७० आणि १९८४च्या दंगलींत पुरती पाहिली. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, त्या पुढाऱ्यांच्या नव्हत्या. गल्लीतली साधी माणसं आणि बीटवरचे पोलीस, तेही काही घडण्याआधीपासून भेटत राहणारे. १९९२-९३ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

उशिरा आणि तोकडी भरपाई हीसुद्धा चूकच. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत नेमलेल्या सत्य आणि समेट आयोगापुढे राजकीय गुन्ह्यांची पूर्ण कबुली देणाऱ्याला माफी मिळू शकत होती. पीडितांना सहा वर्षं दरसाल रक्कम द्यावी, अशी आयोगाची शिफारस होती. सरकारने २००३ मध्ये एकरकमी ३०,००० रँड जाहीर केले. गुन्हेगारांची माफी आधीच देऊन झाली होती, हा राग तिथे अजून आहे.

ठरलं, पण पाळलं नाही तर?

बहुतेक गाडी इथेच अडते. पहिला हप्ता येतो, दुसऱ्याला फोन उचलत नाहीत. म्हणून कागदावर रक्कम, तारीख, काम आणि ‘बघणार कोण’ हे नाव लिहा. महिनाभराने पुन्हा बसायची तारीख त्याच दिवशी ठरवा. हप्ता झेपणारा ठेवा आणि पोरांच्या बाबतीत थोडा भाग त्यांच्या कष्टातून येऊ द्या. घणसोलीत तिघांनी टप बसवायला गॅरेजमध्ये मदत केली. मेकॅनिकने त्यांना दिवसभर नट शोधायला लावले, असं काका हसत सांगत होते.

तरीही फिसकटलं, तर तक्रारीचा रस्ता बंद झालेला नसतो. उशीर मात्र करू नका. गुन्हा नोंदला असेल, तर तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचं असतं, ते मागा. आरोपी सापडलाच नाही तरी पीडिताला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करता येतो. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ठाण्याचं प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. जाणं जमत नसेल तर १५१०० लावा.