कोकणात बसून आपल्या रॉक बँडचं गाणं बाहेर कसं काढायचं

आमच्या कुडाळ-मालवण पट्ट्यात गिटार वाजवणारी पोरं मला एकच प्रश्न विचारतात, दादा मुंबईला गेल्याशिवाय काय होतं का? होतं. 1986 ला मुंबईत इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सव सुरू झाला, त्या काळात मुंबईतल्या रंगभवनसारखं स्टेज मिळालं तर लोक ऐकणार आणि कॅसेट काढायची तर कंपनीच्या दारात उभं राहायचं, दुसरा रस्ताच नव्हता. आता मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे कॅसेट-सीडीचं दुकान पण 2016 मध्ये बंद झालं, स्पॉटिफाय 2019 मध्ये भारतात आलं, आणि देवगडच्या पडवीत बनवलेलं गाणं रिलीजच्या दिवशीच कुठेही ऐकता येतं. पण एक लक्षात घ्या, कंपनी गेली तरी कंपनी जी कामं करायची ती कुठे गेली नाहीत, ती सगळी आपल्या डोक्यावर आली.

पहिलं रेकॉर्डिंग. जून ते सप्टेंबर फक्त गाणी लिहा आणि प्रॅक्टिस करा, पत्र्यावर किंवा कौलांवर पाऊस पडत असताना माईक लावून काही उपयोग नाही, तो आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. दिवाळीनंतर बसा, रात्री गाव झोपल्यावर, पंखा बंद करून. चिऱ्याच्या प्लॅस्टर केलेल्या भिंती आवाज परत फेकतात, म्हणून गायकाच्या मागे आणि दोन्ही बाजूला गोधड्या टांगा, कोपऱ्यात गाद्या उभ्या करा, फरक लगेच कळेल. लॅपटॉप आणि दोन चॅनलचा यूएसबी इंटरफेस (माईक-गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा छोटा डबा) पुरतो, आणि आपल्याकडे याचा मोठा फायदा म्हणजे इंटरफेस लॅपटॉपच्या बॅटरीवरच चालतो त्यामुळे लाईट गेली तरी टेक चालू राहतो (बॅटरी फुल ठेवा, सेव्ह करत राहा). ड्रम सगळ्यात अवघड. सुरुवातीला दोनच माईक, एक वरून आणि एक किकसमोर (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), आणि सगळ्यांनी हेडफोनमध्ये क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी टिकटिक, ऐकूनच वाजवायचं. जमत नसेल तर गावातल्या बँजो पार्टीवाल्यांना विचारा, त्यांना ड्रम आणि माईकचं खूप कळतं, त्यांना विचारायला लाजू नका.

खाऱ्या हवेने तारा लवकर गंजतात. वाजवून झाल्यावर प्रत्येक वेळी कोरड्या फडक्याने पुसा, गिटारच्या केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि रेकॉर्डिंगच्या दोनतीन दिवस आधी नवीन तारा लावा म्हणजे त्या ताणून स्थिर होतात. पावसाळ्यातल्या दमटपणात गिटारची मान हलते, तेव्हा बाराव्या फ्रेटवरचा (मानेवरच्या बाराव्या पट्टीचा) सूर ट्यूनरवर तपासल्याशिवाय सुरू करू नका.

मिक्स करताना आवाज फार वर नेऊ नका, स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे 14 लफ्सच्या (LUFS, आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आणतं, त्यामुळे जास्त दाबून मोठं केलेलं गाणं उलट खाली खेचलं जातं आणि चपटं वाटतं. शेवटची फाईल वेव्ह फॉरमॅटमध्येच ठेवा, एमपीथ्री नको.

आता कागद. पोरं इथेच चुकतात, आम्हीही चुकलो. आमचं पहिलं गाणं एका स्टुडिओने स्वतःच्या नावावर अपलोड केलं, आमच्याकडे एक ओळ लिहिलेली नव्हती, भांडायला पुरावाच नाही, आणि त्या गाण्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी एका कागदावर लिहा, शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाला किती टक्के, रेकॉर्डिंगचे मालक कोण, आणि स्टुडिओला फक्त कामाचे पैसे दिलेत हे पण, मग सगळ्यांच्या सह्या. गाण्याचे हक्क आणि रेकॉर्डिंगचे हक्क हे दोन वेगळे विषय आहेत. शब्द आणि चाल ज्यांची आहे त्यांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद व्हा, 2012 च्या कायदा दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क बराच पक्का केलाय, पण नोंदच नसेल तर तुमच्यापर्यंत पैसे येणार कसे?

मग डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आपलं गाणं स्पॉटिफायसारख्या अॅपवर पोचवणारी कंपनी. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी असे बरेच आहेत, कुणी वर्षाची फी घेतं कुणी कमाईतला हिस्सा, फी भरणं थांबवलं तर गाणं उतरतं का एवढं आधी वाचा. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा 12 अक्षरी कोड मिळतो तो वहीत लिहून ठेवा, उद्या डिस्ट्रिब्युटर बदलला तरी तोच कोड द्यायचा. रिलीजची तारीख तीनचार आठवडे पुढची टाका, कारण स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट बनवणाऱ्या एडिटरकडे गाणं पाठवायचं तर ते कमीत कमी सात दिवस आधी पाठवायला लागतं.

पैशाचं खरं सांगतो. 2024 पासून स्पॉटिफायवर 12 महिन्यांत 1000 स्ट्रीम्स झाले नाहीत तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे काहीच मिळत नाहीत. आमचं पेट्रोल निघतं ते लाईव्हमधून, तारकर्लीकडचे रिसॉर्ट, कॉलेजची गॅदरिंग, गणपती मंडळं. मंडळात वाजवताना संध्याकाळी सातलाच सुरू करा, ठरावीक दिवस सोडले तर रात्री दहानंतर स्पीकर चालत नाही. आणि दोन गाणी तरी आपल्या भाषेत ठेवा. एका शोनंतर एक आजी आम्हाला म्हणाली, "लोकांका कळात असा कायतरी म्हणा रे", तेव्हापासून सेटमधलं पहिलं गाणं मालवणीतच असतं, गिटारचं डिस्टॉर्शन (तो फाटका खरखरीत आवाज) तेवढंच जोरात, आणि मागे उभी राहणारी माणसं पुढे येतात.