कुत्रा आजारी किंवा जखमी असेल तर या चुका टाळा

दवाखान्याच्या टेबलावर येईपर्यंत घरी काय केलं गेलं, यावर कुत्र्यावरचे पुढचे उपचार बरेचसे अवलंबून असतात. माणसं हे सगळं मायेपोटीच करतात, म्हणून स्पष्ट सांगायला हवं.

सर्वांत घातक चूक म्हणजे घरातली माणसांची गोळी देणं. कुत्र्याचं अंग गरम लागतं, नाक कोरडं दिसतं, की ताप समजून पॅरासिटामॉल दिलं जातं. पण कुत्र्याचं तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. हात लावून ताप कळत नाही, गुदद्वारात थर्मामीटर लावूनच तो मोजावा लागतो. पॅरासिटामॉलने यकृताला इजा होते आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकमुळे जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शिवाय अशी गोळी आधीच पोटात असेल, तर कुत्र्यांसाठीचं योग्य वेदनाशामकही डॉक्टरांना लगेच देता येत नाही, कारण दोन्ही मिळून धोका वाढतो. गोळी दिलीच असेल तर लपवू नका. पाकीट सोबत न्या, किती आणि कधी दिली ते सांगा. रागावण्यापेक्षा डॉक्टरांना ती माहिती हवी असते.

काही विषारी खाल्लं म्हणून मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. त्याने रक्तातलं सोडियम जीवघेणं वाढू शकतं. रॉकेल किंवा ॲसिड गिळलं असेल तर उलटीतून ते पुन्हा अन्ननलिका भाजतं, फुप्फुसातही जाऊ शकतं. आणि मनुके, द्राक्षं, चॉकलेट किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असलेलं च्युइंगगम खाल्ल्यावर 'अजून तर बरा दिसतोय' म्हणून थांबू नका. मनुक्यांनी मूत्रपिंडाला झालेली इजा बाहेर दिसायला एक-दोन दिवसही लागतात.

अपघातात सापडलेला कुत्रा कितीही लाडका असो, वेदनेने चावू शकतो. तोंडाला मऊ पट्टी सैलसर बांधा. मात्र उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर अजिबात नको. पोटाखाली हात घालून उचलण्याऐवजी फळीवर किंवा ताणलेल्या चादरीवर सरकवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि थांबलं का ते पाहायला सारखं उचलू नका, धरलेली गुठळी सुटते. जखमेत अळ्या असतील तर टर्पेंटाइन, रॉकेल, फिनेल ओतू नका. त्याने जिवंत मांस जळतं.

सकाळपर्यंत वाट पाहू नये असं एक लक्षण लक्षात ठेवाच: पोट फुगलंय, उबळ येतेय, पण बाहेर काहीच पडत नाही. जठराला पीळ पडलेला असू शकतो. मोठ्या, खोल छातीच्या जातींत हे जास्त दिसतं आणि काही तासांत जीव जातो. हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा लघवी अडली, तरीही लगेच निघा.

पिल्लाला रक्ताचे जुलाब आणि उलट्या होत असतील तर आधी फोन करा आणि बोलावेपर्यंत त्याला गाडीतच ठेवा. पार्व्हो हा पिल्लांचा संसर्गजन्य आजार असेल तर त्याचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो, आणि बाहेर इतर पिल्लं लसीसाठी बसलेली असतात.

टाके घालून घरी परतल्यावर, जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली शंकूसारखी कॉलर 'बिचाऱ्याला त्रास होतो' म्हणून काढू नका. चाटून टाके उसवले, तर पुन्हा भूल द्यावी लागते.