दौरा, गाडी आणि न आलेला रिप्लाय: ग्वाल्हेरमधला असा आठवडा कसा काढायचा

जानेवारीत आपल्याकडे हे सगळं हमखास एकत्रच येतं. कंपनीचं टार्गेट म्हणून झाशी, आग्रा, भोपाळ असे दौरे लागलेले, गाड्याही विकल्या जातात तो ग्वाल्हेरचा व्यापार मेळा भरलेला म्हणून घरात रोज गाडीचा विषय, आणि त्यातच ज्या व्यक्तीशी इतके दिवस छान बोलणं चाललं होतं तिच्याकडून अचानक काहीच नाही. माझं ठाम मत आहे की या तिन्ही गोष्टींना वेगवेगळी वेळ द्यायची आणि एकीचा मूड दुसरीत शिरू द्यायचा नाही, त्यातून गाडीचा निर्णय तर दुखावलेल्या मनाने अजिबात घ्यायचा नाही कारण त्याचे हप्ते पुढे कित्येक वर्षं भरावे लागतात.

दौऱ्याचं आधी बघू. निघायच्या आदल्या दिवशी समोरच्या व्यक्तीला सरळ सांगून टाका की मंगळवार ते गुरुवार मी बाहेर आहे, शुक्रवारी संध्याकाळी निवांत बोलू. मग मधल्या शांततेचा अर्थ लावत बसायला लागत नाही, ना तुम्हाला ना त्यांना. आणि धुक्याच्या दिवसात दिल्लीकडून येणारी ट्रेन किती लेट होईल सांगता येत नाही, म्हणून परतायच्या दिवशी संध्याकाळी ना शोरूम ठेवायचं ना भेट. घरी या, जेवा, झोपा.

ट्रेनमधला वेळ गाडीच्या कागदी कामाला फार चांगला. एकाच मॉडेलचं, एकाच व्हेरिएंटचं कोटेशन दोन-तीन डीलरकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा आणि प्रत्येक ओळ वेगळी लिहायला सांगा: एक्स-शोरूम (म्हणजे रोड टॅक्स-इन्शुरन्स सोडून गाडीची किंमत), रोड टॅक्स, इन्शुरन्स, फास्टॅग, अ‍ॅक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी. हँडलिंग चार्ज म्हणून काही लावलं असेल तर ते कशाचे विचारा, नुसतं विचारल्यावर बरेचदा कमी होतात. इन्शुरन्स डीलरकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नसते, बाहेरून कोट काढून दाखवा. नव्या गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या नुकसानीचा इन्शुरन्स, तीन वर्षांचा लागतोच, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा घेता येतो, त्यामुळे दोन कोट बघताना कव्हर सारखं आहे ना ते तपासा. आणि मित्राने मागे घेतलेल्या गाडीचं जुनं कोटेशन तुलनेला धरू नका, चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के झालाय.

आता मेळा. १९०५ पासूनचा आपला व्यापार मेळा, आणि गाडी घेणाऱ्यांसाठी त्यातलं खरं आकर्षण म्हणजे रोड टॅक्सवरची ५० टक्के सूट, जी अलीकडे राज्य सरकारने मेळ्यात दिलेली आहे. इथे नीट लक्ष द्या. ही सूट गाडीच्या किमतीवर नसते, लाइफटाइम टॅक्सवर, म्हणजे एकदाच भरायच्या रोड टॅक्सवर असते, म्हणजे टॅक्स ८० हजार बसत असेल तर ४० हजार वाचतात. सूट आपोआप लागू होत नाही, त्या त्या वर्षी सरकारचा आदेश निघावा लागतो, म्हणून आदेश निघायच्या आधी ‘होईलच हो’ या भरवशावर पूर्ण पैसे देऊ नका, बुकिंगची रक्कम द्या आणि ती परत मिळेल असं पावतीवर लिहून घ्या. शिवाय नोंदणी ग्वाल्हेर आरटीओतच करावी लागते, एमपी ०७ नंबर, तेव्हा मुरैन्याच्या भावाला एमपी ०६ हवा असेल तर त्याला आधीच सांगा.

ज्यांची नोकरी बदलीची आहे त्यांनी एक वेगळा विचार करावा. कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर बीएच (भारत) सिरीजचा, म्हणजे राज्य बदललं तरी चालणारा नंबर मिळू शकतो, हे २०२१ पासून सुरू आहे, त्यात टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो. दोन वर्षांत पुण्याला जायची शक्यता असेल तर लाइफटाइम टॅक्सच्या सवलतीपेक्षा हेच सोयीचं पडू शकतं, नाहीतर आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र), परत टॅक्स, जुन्याचा रिफंड असं सगळं मागे लागतं.

लोनच्या बाबतीत सेल्समन फक्त महिन्याचा हप्ता बोलतो. ६ लाखांचं लोन, ९ टक्के व्याज धरलं तर पाच वर्षांना हप्ता साधारण १२,४५० आणि सात वर्षांना ९,६५०. छोटा हप्ता गोड वाटतो पण सात वर्षांत व्याज सुमारे ६३ हजार जास्त जातं, म्हणजे मेळ्यात वाचवलेलं सगळं गेलं आणि वर खिशातले.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाल्याने ठरवलेल्या सरळ रस्त्यावर समाधान मानू नका. लश्करात राहता ना, मग जीवाजीगंज किंवा दौलतगंजच्या गल्लीत वळवून बघा, उरवाई गेटने किल्ल्याचा चढ चढवून बघा, आणि आईला किंवा बाबांना मागच्या सीटवर बसवून उतरायला सांगा. गुडघेदुखीवाल्या माणसाला सीटची उंची सनरूफपेक्षा हजारपट महत्त्वाची असते.

आणि तो रिप्लाय. शुक्रवारी तुम्ही फोन केला, उचलला नाही, तर एक स्पष्ट मेसेज करा: मला पुढे भेटायला आवडेल, तुझी इच्छा नसेल तर तसं सांग, मी समजून घेईन. एवढंच. रात्री ट्रेनमधून लिहू नका, दिवसा लिहा. दोन-तीन दिवसांत उत्तर नाही आलं तर तेच उत्तर समजा, चॅट आर्काइव्ह करा आणि लास्ट सीन बघणं बंद करा. वाईट वाटतंच, वाटू द्या, जवळच्या एका मित्राशी किंवा ताईशी मोकळं बोला. ओळखीच्या काकू विचारणारच, कारण आपली मराठी घरं एकमेकांना ओळखतात, तर ‘जमलं नाही काकू’ एवढं पुरे, समोरच्याची बदनामी नको. फक्त त्या आठवड्यात बुकिंग फॉर्मवर सही करू नका. त्या व्यक्तीला लाल रंग आवडायचा म्हणून लाल, किंवा तिला दाखवायचं म्हणून वरचं व्हेरिएंट, असे निर्णय महाग पडतात. आधी ठरवलेलं बजेट कागदावर लिहून घरच्या कोणाकडे तरी द्या आणि सहीच्या दिवशी त्यांना सोबत न्या.

शेवटी डिलिव्हरी. गाडीची नोंदणी व्हायच्या आधी, दिवसाउजेडी, यार्डात जाऊन गाडी बघा, कारण नोंदणी झाल्यावर बदलून मिळणं फार अवघड. व्हिन (गाडीचा चेसिस) नंबर आणि बनवल्याचा महिना बघा, मेळ्यात मागच्या वर्षी बनलेला स्टॉकही विकला जातो आणि विकताना वर्ष मोजलं जातं, म्हणून तसा असेल तर जास्तीची सूट मागा. रंगात फरक, काचांवरची तारीख, टायर, स्टेपनी, जॅक, मीटरवरचे किलोमीटर, सगळं बघून फोटो काढा, खटकलं ते जागच्या जागी लिहून घ्या आणि त्यानंतरच उरलेले पैसे ट्रान्सफर करा.